दीवचा रावणताड

कोपरीस आमच्या अंगणांत नारळ आहे. त्याचा शेंडा छाटला कीं झाड मेलेंच. म्हणून फांद्या फुटलेला ताड एकवार पाहावा, या हेतूनें आम्हीं वेरावळपर्यंत आगगाडीनें व पुढें मोटारीनें दीव बेट गांठलें. नागोवा येथील समुद्रकांठीं हे ‘होका’ वृक्ष उभे आहेत. मराठींत यांस रावणताड म्हणतात. खोडास दोन फांटे, त्यांसही पुन्हां फांटे. प्रत्येकाच्या माथ्यावर पंख्यासारख्या पानांचा झुबका! १९६१ पर्यंत येथें राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांनीं ते आफ्रिकेंतून आणले, अशी समजूत आहे. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ यांस पश्चिम भारताचीच स्वतंत्र जात मानतात. शिवाय नर व मादी झाडें निराळीं; एकट्या झाडानें वंश चालत नाहीं. यास्तव वाचकहो, अंगणांतील एका रोपानें भागणार नाहीं. मूळची राईच राखली पाहिजे.