खर्ज, वॉट आणि गाण्यातले शब्द

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर मुंबई–अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडून येणारा महामार्ग छेदतो. या रस्त्याने पूर्वेला निघाले, की बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकून नवापूरला महाराष्ट्र लागतो. याच वाटेने आणि तापी खोऱ्यातल्या रेल्वेने सुरतच्या कापडधंद्यात आलेल्या खानदेशी कुटुंबांनी कानबाईचा उत्सव, हळदीची रात्र आणि अहिराणी गाणी सोबत आणली. त्यांच्या कार्यक्रमांना साथ करणाऱ्या एका लहान ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांपुढे आज या वाद्याच्या आवाजाचा प्रश्न मांडतो आहे. कारण विचार करता करता तो भाषेचाच प्रश्न निघाला.

माझा ॲम्प्लिफायर १०० वॉटचा. त्यात १५ इंचांचा एकच स्पीकर. सरावाच्या खोलीत तो पुरतो. उघड्या मैदानातल्या मंचावर मात्र ड्रम, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड यांच्या गदारोळात माझे स्वर माझ्याच कानी येत नाहीत, गायकालाही आधार मिळत नाही. मग मिक्सरवरचा माणूस आमच्यासाठी मैदानातल्या सबवूफरमध्ये बेस वाढवतो. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमानंतर पुढच्या रांगेतल्या एका आजींनी आमच्या गायकाला विचारले, की गाणे आपल्या बोलीतले होते का. गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत अहिराणीच होते.

उपाय विचारायला दुकानात गेलो, तर गुजरातीत एकच सल्ला मिळाला, ‘वॉट वधारो’. आपणही मराठीत ‘आवाज मोठा करा’ एवढेच म्हणतो. वस्तुतः आपल्या भाषेत याहून नेमके शब्द आहेत. षड्जावरून आलेला ‘खर्ज’ स्वराची खोली सांगतो. ‘घुमारा’ म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, आणि ‘दणका’ म्हणजे छातीवर आदळणारा जोर. तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम खर्ज देतात, पण चाटीवरचे बोल झाकत नाहीत. मला हवा होता तो खर्ज. बाजारात सहज मिळतो तो दणका.

वॉटचा हिशेबही सरळ नाही. वॉट दुप्पट केले, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. शिवाय बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि इतक्या खालच्या स्वरांना माणसाचा कान मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले. म्हणून नुसते ‘बेस’चे बटण फिरवले, की ताकद खर्च होते आणि स्वर ओळखू येत नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून मंचावरचे वादक याच अडचणीशी झुंजत आले आहेत. १९६९ मधल्या ॲम्पेग एसव्हीटीने ३०० वॉटना १० इंचांच्या आठ स्पीकरांची जोड दिली. केवळ वॉट नव्हे, हवा ढकलणारा पृष्ठभागही वाढवावा लागतो, हा त्यातला धडा.

त्यानुसार मी रचना ठरवली आहे. ५०० वॉटचा, हातात उचलता येईल असा क्लास-डी ॲम्प्लिफायर. १० इंचांचे दोन-दोन स्पीकर असलेल्या दोन पेट्या. प्रत्येक पेटी ८ ओहमची, म्हणजे समांतर जोडल्यावर ४ ओहम. ॲम्प्लिफायरला याहून कमी भार चालणार नाही. पेट्या शेजारी न ठेवता एकावर एक रचायच्या, म्हणजे वरचे स्पीकर गुडघ्यांऐवजी कानांच्या जवळ येतात. पोकळ लाकडी मंच स्वतःच घुमू लागतो, म्हणून खाली जाड फोम. ३५ हर्ट्झच्या खालचा निरुपयोगी भाग फिल्टरने छाटायचा आणि मधल्या पट्टीतले स्वर किंचित उचलायचे.

एवढ्याने मंचावर खर्ज स्पष्ट होतो आणि मिक्सरला मैदानातला बेस आवरता येतो. गाण्याचे हित येथेच आहे. कारण जोरकस मंद्र ध्वनी आपल्या वरच्या ध्वनींना झाकतो. अहिराणीत ‘मना’ म्हणजे माझा आणि ‘मनी’ म्हणजे माझी. नाते बदलते ते शेवटच्या एका स्वराने, आणि गदारोळात आधी बुडतो तोही तोच. सुरतेत जन्मलेल्या आमच्या मुलांना शाळेत अहिराणी भेटत नाही. ती त्यांच्या कानी पडते घरी आणि अशा मंचांवर. मंचावरही नुसता ठेकाच पोहोचला, तर मुले नाचतील, पण बोली शिकणार नाहीत.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. सणासुदीची मोजक्या दिवसांची सवलत वेगळी. हाती वेळ थोडा, म्हणून मंडळांना एक विनंती. ध्वनिव्यवस्था ठरवताना वॉट जरूर विचारा. मात्र पहिले गाणे होताच शेवटच्या रांगेत जा आणि तिथल्या एखाद्या मुलाला त्यातली एक ओळ म्हणायला सांगा. त्याला ती आली नाही, तर आधी सबवूफर कमी करा आणि मगच दुसरे गाणे सुरू करा.