हात पोचेल तिथलं फळ

शिरोली एमआयडीसीत अडीच फुटांच्या माणसासाठी काहीच बांधलेलं नाही. कारखान्यांची गेटं उंच, कंपाउंडच्या भिंती उंच, भिंतींवरच्या काटेरी तारा त्याहून उंच. सांगली फाट्याला वळणारे ट्रक असे, की आमच्या लेकीच्या लेखी ट्रक म्हणजे नुसतं चाक. वरचं सगळं तिच्या जगाबाहेरचं. फाउंड्रीचं धुराडं बघायला ती मान मागे टाकते, आणखी मागे टाकते आणि तोल जाऊन खाली बसते.

वसाहत संपली की ऊस लागतो. तोही तिच्या कामाचा नाही. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, म्हणजे तीन वर्षांच्या पोराचं निम्मं आयुष्य. कडेनं चालणाऱ्या लेकराला त्या हिरव्या भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, आणि हात घालावा तर पान कापतं. पंचगंगेकाठच्या या काळ्या रानानं आम्हाला गूळ दिला, साखर दिली, उसाचे चरक आणि इंजिनं दुरुस्त करता करता ओतकामाची विद्यासुद्धा दिली. बारक्या पोरानं आपल्या हातानं तोडून तोंडात टाकावं, असं मात्र फारसं काही ठेवलं नाही.

म्हणून आमच्यासारखी साचा, वाळू आणि भट्टीतली माणसं सुट्टीच्या दिवशी पोरांना गाडीत घालतात आणि फळं तोडायला निघतात. चक्क तिकीट काढून. आमच्या आबांना याचं हसू येतं. “पैसं देऊन दुसऱ्याच्या रानात राबायला चाललाय व्हय?” त्यांच्या लहानपणी फळाला दोनच वाटा होत्या. एक तर बांधावरच्या झाडाची मालकानं हाक मारून दिलेली, नाहीतर मालक जेवायला बसल्यावर कुंपणातून काढलेली. तिसरी वाट आमच्या पिढीत आली. कृषी पर्यटन नावाचा व्यवसाय बारामतीच्या बाजूनं रुजला, राज्य सरकारनं 2020 मध्ये त्याचं धोरणही केलं, आणि शेतकऱ्याच्या बांधावर ‘पार्किंग’ची पाटी लागली.

माझं काम कास्टिंगची मापं तपासण्याचं. त्यामुळे असेल, अशा बागांमध्ये माझी नजर आधी उंचीकडे जाते. फळांची प्रतवारी रंगावरून, वजनावरून, गोडीवरून करतात. दोन-तीन वर्षांची पोरं बरोबर असली की ती जमिनीपासूनच्या अंतरावरून करावी लागते.

सगळ्यात खाली स्ट्रॉबेरी. तिच्यासाठी पेठ नाका, कराड, सातारा मागे टाकून पाचवडला वळायचं, वाई ओलांडून पसरणीचा घाट चढायचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डिसेंबर-जानेवारीत भिलारच्या आसपास कुठंही थांबावं. गादीवाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद, त्याच्या भोकांतून वर आलेली रोपं आणि पानांखाली लोंबणारी लाल फळं. रोप मोठ्या माणसाच्या घोट्याच्या जरासं वर. आम्ही पाच मिनिटं वाकलो की कमरेवर हात ठेवून उभे. लेक आणि तिच्याहून थोडा मोठा माझा भाचा मात्र दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत फतकल मारून बसतात. त्यांना वाकावं लागत नाही. फळ त्यांच्या तोंडासमोर असतं.

त्यांचा नियम एकच: लाल ते आपलं. या बाबतीत ती पोरं बाजारापेक्षा शहाणी निघतात. स्ट्रॉबेरी तोडल्यावर तिला रंग चढतो, ती मऊ पडते. पण गोडी वाढत नाही. लांबच्या बाजाराला जायचं फळ प्रवासात टिकावं म्हणून पूर्ण लाल व्हायच्या आधीच काढावं लागतं. म्हणजे शहरात डबीत बंद होऊन येते ती घाई केलेली स्ट्रॉबेरी, आणि पोराच्या मुठीत चेंगरते ती खरी पिकलेली. निवड करतानाही त्यांचं माप वेगळं. आमच्याकडे एका साच्यातली दोन कास्टिंग मिलिमीटरच्या अंशानं वेगळी निघाली तर एक पुन्हा भट्टीत जातं. लेक मात्र नेमकी वाकडी, दोन डोक्यांची, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी पसरलेली स्ट्रॉबेरी हुडकून काढते आणि तीच मला दाखवायला आणते. सरळ, देखण्या फळांत तिला दाखवण्यासारखं काही वाटत नाही.

थोडं वर गेलं की पेरू. माझ्या आठवणीतला पेरू म्हणजे चढायचं झाड. सरदार पेरू, ज्याला लखनौ-49 म्हणतात, तो पुण्याच्या गणेशखिंडच्या बागेत 1927 मध्ये निवडला गेला; त्याची पसरलेली झाडं वीस-वीस फुटांवर लावायची रीत होती. आता घन लागवड आली. दोन मीटरवर ओळ, ओळीत मीटरभरावर झाड, आणि वरचेवर छाटणी करून ते माणसाच्या आवाक्यात ठेवायचं. शेतकऱ्यानं हे केलं एकरी उत्पन्नासाठी, फवारणी आणि तोडणी सोपी व्हावी म्हणून, शिडी आणि मजुरी वाचावी म्हणून. पोरांचा विचार त्यात कुठंच नव्हता. तरी खालची फांदी नेमकी त्यांच्या खांद्याला येऊन टेकली.

शिवाय पेरूला कपडे असतात. फळमाशीनं डंख मारू नये म्हणून लिंबाएवढं फळ झालं की त्यावर फोमची जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. पोरांना पेरूपेक्षा ते कपडे काढण्यात रस. भाच्यानं एकदा ओळीनं कच्च्या फळांच्या पिशव्या उतरवायचा धडाका लावला. मी ओरडणार, तेवढ्यात शेतकरीदादा त्याच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी त्याचं बोट धरून एका पिशवीवरून दाबलं. “ह्यो दगड. हाय का न्हाई?” मग शेजारच्या फळावर ठेवलं. “आन ह्यो?” भाच्यानं दाबून बघितलं, विचार केला आणि म्हणाला, “पोट.” दादा खूश झाले. पुढचा अर्धा तास तो बागेतल्या प्रत्येक पेरूचं पोट तपासत फिरला. तोडला एकच. टोपली अर्धी रिकामी बघून मी पैशांचं विचारलं, तर ते म्हणाले, “टोपलीतलंच वजन करतो आमी. पोटातलं मोजत न्हाई.”

कमरेएवढ्या उंचीवर करवंद येतं. त्याला तिकीट नाही आणि मालकही नाही. चैत्र-वैशाखात जोतिबाच्या, पन्हाळ्याच्या उतारांवर जाळ्या काळ्या होतात. इथं मात्र आम्ही मोठ्यांनी पुढं व्हायचं, कारण करवंदाला काट्यांचा पहारा असतो. गंमत अशी की मोठ्यांचा हात जाळीत अडकतो आणि बारकी बोटं काटा चुकवून आत जातात. एखादा ओरखडा उठतोच. पण करवंदाच्या जाळीपाशी पोर रडल्याचं मी बघितलेलं नाही, तोंड भरलेलं असतं. चिकानं ओठ चिकटतात, बोटं काळपट होतात. आज्जी मग करवंद अर्धं चावायला लावून विचारते, “कोंबडा का कोंबडी?” आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. दोन्ही निकालांवर सारखाच आरडाओरडा होतो.

त्यावरची पायरी द्राक्षांची, आणि तिथं पोरांचा हात संपतो. सांगली फाट्यावरून वळून मिरज, तासगावकडे गेलं की द्राक्षांचे मांडव लागतात. ‘तास-ए-गणेश’ हे वाण या तासगावचंच नाव मिरवतं. ऑक्टोबरात छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडवाखाली घड लोंबायला लागतात, मोठ्या माणसाच्या डोक्याला लागतील असे. पोरं खालून नुसती बघत राहतात. मग त्यांना खांद्यावर घ्यावं लागतं. घड कात्रीनं काढायचा असतो, कात्री आमच्या हातात. लेकीच्या वाट्याला येतं बोट दाखवणं. “तो नाही. तो. तो पण.” माल तिच्या पसंतीचा, मजुरी माझी.

आणि तोडलं की लगेच तोंडात, हे इथं चालत नाही. शेवटची फवारणी कधी झाली ते आधी विचारायचं, घड धुवायचा, आणि पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खं द्राक्ष द्यायचंच नाही. ते गोल, गुळगुळीत फळ घशात नेमकं बसतं आणि श्वास अडकतो; उभे चार तुकडे करून द्यायचे. ज्याला चाकूशिवाय खाता येत नाही ते आपल्या उंचीचं नाही, एवढं पोरांनाही कळत असावं. खांद्यावरून उतरल्यावर ती द्राक्षं विसरून मुंग्यांच्या रांगेपाशी बसतात.

आंब्याचं तर बोलायलाच नको. तो लांब काठीच्या झेल्यानं उतरवायचा, पाडाला लागला का ते खालून ओळखायचं, मग अढीत गवताखाली वाट बघायची. उंची आणि धीर, दोन्ही लागतात. तीन वर्षांच्या माणसाकडे दोन्ही नसतं.

पण सगळ्यात उंच झाडांनी एक सोय करून ठेवली आहे. जांभळाला कुणाचाच हात पोचत नाही, म्हणून ते स्वतःच खाली येतं. मृगाच्या तोंडावर झाडाखाली जांभळा सडा पडतो. तिथं वेचणारी माणसं दोनच प्रकारची: ज्यांचे हात अजून वर पोचत नाहीत ती, आणि ज्यांचे आता वर जात नाहीत ती. आज्जीला स्ट्रॉबेरीपाशी वाकवत नव्हतं, द्राक्षाखाली मान वर होत नव्हती. जांभळाखाली पोतं टाकून ती बसली, आणि पोरं एकेक जांभूळ तिच्या पदरात आणून टाकायला लागली. निम्मी मातीत लडबडलेली, एखादं मुंग्यांनी आधीच चाखलेलं. तिनं एकही टाकलं नाही. पुसून, बी काढून, ज्याचं त्याला परत भरवलं.

आम्ही मधल्या उंचीची माणसं त्या वेळी काय करत होतो? फोटो काढत होतो. आमचा हात सगळीकडे पोचतो, म्हणून आम्ही फारसं काही तोडत नाही. तोडलं तरी वजन बघतो, भाव बघतो, डिकीत जागा आहे का बघतो. फळाची ओढ हात कमी पडतो तिथंच असते.

हल्ली नवी बाग ठरवताना मी फळाचं नाव विचारत नाही. फोन करतो आणि फांद्या जमिनीपासून किती वर आहेत, ते विचारतो. पलीकडचा माणूस आधी गोंधळतो, मग त्याला उमगतं.

“बारकी पोरं हाईत व्हय? मग पेरूला या. द्राक्षाला दोन वर्सांनी या.”