अडीच लाखांत एक!

थांबा, थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला! आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, माझं जीवशास्त्र बारावीतच आटोपलं! पण हे ऐकाच!

कॅन्सर म्हणजे सारख्याच दांडगट पेशींचा ढीग, असं वाटतं ना? नाहीच मुळी! टोरांटोत जॉन डिक आणि मंडळींनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी उंदरांना टोचल्या, आणि १९९४ साली छापलं की साधारण अडीच लाखांत एकच पेशी उंदरात नवा ल्युकेमिया सुरू करते. एकच! बाकीच्या नुसत्या गर्दीला! आणि मग २००३ साली मिशिगनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं तेच! अंगावरच्या खुणा बघून वेचलेल्या जेमतेम शंभर पेशींनी गाठ उभी केली, आणि त्या खुणा नसलेल्या हजारो टोचल्या तरी ढिम्म! शंभर पेशी म्हणजे डोळ्याला ठिपकासुद्धा धड दिसायचा नाही हो! रक्तबीजाच्या थेंबाथेंबातून राक्षस उठायचा, इथे मोजक्याच थेंबांतून!

याच कॅन्सरच्या मूलपेशी. आणि डांबरट किती! केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना गाठते, तर यांतल्या बऱ्याच जणी चक्क झोपून राहतात! आणि मग काहींच्या अंगात पंप असतात. खरंच, पंप! प्रयोगशाळेत पेशींना चमकणारा निळा रंग पाजतात, या तो बाहेर फेकतात आणि काळ्याठिक्कर दिसतात, आणि तोच पंप कितीतरी औषधंही बाहेर फेकतो! म्हणजे गाठ आटते, घरात पेढे वाटून होतात, आणि मग या जाग्या होतात!

मग थेट यांनाच धरायचं! प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात 'अ' जीवनसत्त्वाच्या गोतातलं औषध आणि आर्सेनिक (हो, तोच सोमल!) दिलं की कोवळ्या वयात अडकलेल्या पेशी मोठ्या होतात, त्यांची पुन्हा पुन्हा वाढायची खोड मोडते, आणि बहुतेक रुग्ण बरे होतात! विषाने!

पण नाचू नका लगेच! (मी नाचले.) २००८ साली मिशिगनमध्येच प्रतिकारशक्ती आणखी दुबळी असलेले उंदीर घेतले, तर मेलॅनोमाच्या चारांतल्या एका पेशीने गाठ केली. अहो, तिथे थेट रक्तबीजच! म्हणजे प्रत्येक कॅन्सरचा हिशोब वेगळा!

म्हणून आता 'गाठ किती आटली?' एवढ्यावर माझं भागतच नाही. मागे उरलं कोण? चला, तुम्हीही विचारायला लागा!