आठच खुर्च्या

तर झालं असं. २०१९ च्या पावसाळ्यात घरच्यांबरोबर खंडाळ्याला गेलो होतो. लॅपटॉप घरी ठेवून जाणं आपल्याला जमत नाही, त्यामुळे भजी येईपर्यंत चाकणजवळच्या एका कारखान्यातला पीएलसी बघत बसलो. घाटात मोबाईलची रेंज म्हणजे धुकं... आत्ता आहे, आत्ता नाही. कनेक्शन तुटलं की माझा प्रोग्रॅम इमानदारीत नवीन जोडायचा. पाच वेळा जोडलं.

त्या पीएलसीला मॉडबस टीसीपीची एकावेळी आठच कनेक्शन्स चालायची. आठ खुर्च्या म्हणा. एक पंपावरच्या पॅनेलची, दोन ऑफिसात नोंदी ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या. उरलेल्या पाच कोणाच्या, कळलं ना? रेंज गेली की 'मी निघालो' हा निरोप तिकडे पोचतच नाही आणि पीएलसी खुर्ची धरून बसतो. रेल्वेत शेवटच्या डब्यावरची एल.व्ही. पाटी दिसल्याशिवाय गाडी पूर्ण गेली असं मानत नाहीत, तसंच. टीसीपीच्या कीप-अलाइव्हची नेहमीची मुदत तर दोन तास, आणि तीही तो चालू असेल तर!

संध्याकाळी कारखान्यात क्षणभर वीज गेली. पीएलसी आणि कॉम्प्युटर यूपीएसवर, पॅनेल नाही. पॅनेल परत आलं तर त्याच्या खुर्चीत त्याचंच भूत. ऑपरेटर काकांचा फोन आला, "साहेब, टाकीची लेव्हल दिसत नाय. पंप तर चालू हाय." पासष्टीला आलेला माणूस बॅटरी घेऊन भर पावसात टाकीच्या शिडीवर चढला होता. माझ्यामुळे.

पीएलसी बंद-चालू केला असता तर खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या, पण सगळी लाईन थांबली असती. म्हटलं, "काका, ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढा." काढली. काही नाही. अर्थात! वायर उपटणं म्हणजे परत न सांगता उठून जाणंच. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम रीतसर बंद करायला लावला. पॅनेल लगेच आलं. भजी गार.

मॉडबसच्या मार्गदर्शिकेत यावर उपाय आहे: जागा संपल्या की सर्वांत जुनं, न वापरलेलं कनेक्शन तोडायचं आणि महत्त्वाच्या यंत्रांसाठी वेगळ्या जागा राखायच्या. त्या पीएलसीत तसं काही नव्हतं. असो. सोमवारी कारखान्यातच एक छोटा कॉम्प्युटर बसवला. पीएलसीशी एकच कनेक्शन त्याचं, बाहेरून येणारे आम्ही सगळे त्याच्याशी बोलतो.

काकांना हे फोनवर समजावून सांगितलं. "म्हंजे आता शिडी चढायला नको ना?"


"नको."