बोलायला कोणी नाही

गाळप हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरात रात्रसुद्धा गप्प नसते. साखर कारखान्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग, ट्रॅक्टरवर मोठ्याने लागलेली अहिराणी गाणी, नंबरावरून चाललेली हुज्जत. अशा गजबजाटात कधीतरी एकटं बसावंसं वाटतंच. तुकोबाही भंडाऱ्यावर जाऊन बसत. पण देहूला परतायची वाट त्यांना मोकळी होती. ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, त्याच्या एकटेपणाला भंडाऱ्याची उपमा देऊ नये.

आमचं नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे धुळ्याचा तुरुंग आम्हाला परका नाही. तिथे 1932 मध्ये, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. समोर ऐकणारे कैदी बसले होते म्हणून ती प्रवचनं इतकी जिव्हाळ्याची झाली, असं मला नेहमी वाटतं. यावर कुणी मंडालेचं उदाहरण देतं : टिळक एकटे होते म्हणून ‘गीतारहस्य’ झालं. पण टिळकांजवळ पुस्तकं होती, आणि स्वयंपाकाला दिलेला कुलकर्णी नावाचा मराठी कैदीही होता. दिवसाकाठी आपल्या भाषेत चार शब्द बोलता येत होते.

अंदमानात तेवढंही नको, अशाच बेताने सेल्युलर जेल बांधलं गेलं. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती फाकलेल्या, आणि एकीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ. समोरच्या कैद्याचा चेहरा दिसू नये, एवढ्यासाठी. सावरकर तिथे भिंतीवर कविता कोरत आणि पाठ करत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच तुरुंगात 1912 मध्ये इंदुभूषण रॉय यांनी गळफास घेतला. उल्लासकर दत्त यांचं मन ढळलं, त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागलं. तेलाचा कोलू आणि कोठडी यांनी मिळून हे केलं. या दोघांची नावं आपण फारशी घेत नाही, आणि मला ते लागतं. जो टिकला त्याचं धैर्य सांगताना जे मोडले त्यांना विसरलं, की कोठडी म्हणजे जणू धैर्याची परीक्षा ठरते.

ती परीक्षा नाही. झोप उडते, दिवस-रात्रीचं भान सुटतं, नसलेले आवाज ऐकू येतात, साध्या खडखडाटाने अंगावर काटा येतो. आपण भानावर आहोत याची खात्री आपल्याला दुसऱ्याच्या उत्तरातून मिळत असते. ते उत्तर येणंच बंद होतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नियमांनुसार माणसांशी खऱ्या संपर्काविना दिवसाचे 22 तास किंवा त्याहून जास्त कोंडणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग 15 दिवसांपलीकडे नेण्यास मनाई आहे.

बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात एका फाशीच्या कैद्याने अशी सुमारे दहा वर्षं काढली. गुन्हा बलात्कार आणि खुनाचा होता. त्याबद्दल माझ्या मनात जराही दया नाही. पण 1978 मध्येच, सुनील बात्रा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की फाशी सुनावली म्हणून कैद्याला लगेच असं वेगळं कोंडता येत नाही. दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत तरी नाहीच. तरीही हे घडलं. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने तो एकांतवास बेकायदा ठरवला आणि फाशीऐवजी किमान 30 वर्षांची जन्मठेप दिली. दहा वर्षं गेल्यावर.

1860 च्या दंडसंहितेने सश्रम कारावासातल्या एकांतवासाला मर्यादा घातली होती : एका वेळी 14 दिवस, सगळे मिळून जास्तीत जास्त तीन महिने. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी न्याय संहिता आली. तिच्या कलम 11 आणि 12 मध्ये ही शिक्षा त्याच आकड्यांसह कायम आहे. हिंडलग्याची कोठडी मात्र कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नव्हती. तुरुंगानेच ती दिली होती, आणि तुरुंगाने दिलेल्या दिवसांना हे आकडे लागूच होत नाहीत.