मस्टर टेपवर आहे

मी सूसचा. नांदे-लवळ्याच्या रस्त्यानं रोज गिरणीत जातो, रात्रपाळी. दिवसा झोप, उरलेल्या वेळात कविता. शाळा दहावीला सुटली. युनिक्स कुणी शिकवलं विचाराल तर ऑफिसच्या माळ्यावर पडलेल्या मॅन्युअलांनी आणि एका फाटक्या डिक्शनरीनं. युनिक्सला 'मॅन' म्हटलं की तो मॅन्युअलचं पान उघडतो. माणूस म्हणून काही येत नाही.

मामा ह्याच गिरणीत १९९४ ला बदली म्हणून लागला. २०२३ ला ५८ भरली, घरी बसला. ग्रॅच्युइटीचा हिशोब हातात आला, तर नोकरी धरलेली २००३ पासून. आधीची ९ वर्षं? "रेकॉर्ड नाही." वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हंजे १३५ दिवसांचा पगार एका वाक्यात गडप.

मित्रांनो, "रेकॉर्ड नाही" हे आपल्या बापजाद्यांनी चावडीवर ऐकलं, तेच आम्ही एसी ऑफिसात ऐकलं.

पण रेकॉर्ड होतं. जुन्या एका क्लार्कनंच कानात सांगितलं. २००३ पर्यंत मस्टर एससीओ युनिक्सच्या एका मशीनवर होतं. दर मार्चअखेर वर्षाचं मस्टर टेपवर उतरवायचे आणि डिस्कवरून पुसायचे. ते मशीन आणि काडेपेटीएवढ्या ३ टेपा भंगारात जायच्या होत्या. मी दोन रविवार मागून घेतले. रूटचा पासवर्ड मशीनच्या बुडाला चिठ्ठीवर चिकटवलेला.

पहिला रविवार मी माझ्या हातानं घालवला. टेप ड्राइव्ह उघडला तर आत कापसाचा भुगा. कापसाचं काय नवल, आमच्या छातीतही तोच आहे. लहानपणी वामनदादांच्या गाण्यांच्या कॅसेटा वाजायला लागल्या की घोगऱ्या व्हायच्या, तेव्हा बाप बोळा स्पिरिटमधी बुडवून हेड पुसायचा. मीही तेच केलं. कॅसेटच्या डेकचं हेड जागचं हलत नाही, म्हणून ते चालतं. ह्या डॅट ड्राइव्हमधी हेड गरगर फिरणाऱ्या ड्रमवर बसवलेलं असतं, केसाएवढं. बोळ्याचा धागा त्यात अडकला, आणि हेड गेलं. त्याला पुसायला निराळी क्लीनिंग टेप मिळते, ती आत घालायची, हात लावायचा नाही. हे मला नंतर कळलं. मामाला आठवडाभर तोंड दाखवलं नाही.

जुन्या बाजारातून दुसरा ड्राइव्ह आणला, बाहेरून जोडायचा. स्कझीच्या एका केबलीवर सगळी उपकरणं माळेसारखी, प्रत्येकाला आपला नंबर. दोघांचा नंबर एक झाला की कुणीच बोलत नाही. डिस्कचा ०, कार्डाचा ७, ड्राइव्हला मी २ दिला. 'एमकेडेव्ह टेप' चालवलं. ते प्रश्न विचारतं, कुठलं कार्ड, कुठला नंबर. उत्तरं दिली, कर्नल नव्यानं जोडला, मशीन बंद करून चालू केलं. ड्राइव्ह दिसेना. दोन तास गेले. माळेच्या टोकाला टर्मिनेटर लावायचा राहिला होता. तो नसला की सिग्नल टोकावर आपटून मागं येतो आणि गोंधळ घालतो. लावला, आणि दिवा लागला.

टेपेची खिटी आधी सरकवली, चुकून वर काही लिहिलं जायला नको. मग 'टार'ला म्हटलं नुसती यादी दाखव. टार म्हंजेच टेप आर्काइव्ह, १९७९ पासून युनिक्समधी आहे. यादी आली, १९९४ चीच. पुन्हा चालवलं, पुन्हा १९९४. मला वाटलं बाकी वर्षं खरंच नाहीत. ऑफिस खरं बोलत होतं की काय, असं एक क्षण वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

मॅन्युअल पुन्हा वाचलं. टेपेला दोन नावं असतात. एका नावानं उघडली की काम संपताच ती आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाच्या पुढं एक 'एन' असतो, नो रिवाइंड. त्या नावानं उघडलं की टेप असेल तिथंच थांबते, मग पुढच्या खुणेवर न्यायची आणि दुसरं वर्ष वाचायचं. एका अक्षरामागं मामाची वर्षं बसली होती! १९९५ आलं. १९९६, १९९७. तिसरी टेप मात्र चुरगळलेली होती, तिच्यातली दोन वर्षं निघाली नाहीत.

बाबासाहेबांनी १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात विणखात्याचा प्रश्न मांडला होता. धोट्यातून धागा तोंडानं ओढायचा, म्हणून तिथं आपल्याला मज्जाव. मामा विणखात्यातच होता. यादीत त्याच्या टिकट नंबरापुढं खात्याचं नाव वाचलं आणि थोडा वेळ काही सुचलं नाही.

१९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा लागू होता. सहा दिवसांच्या आठवड्याला १२ महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष धरायचं. सात वर्षांपैकी सहांत मामाचे दिवस वर भरले. १९९८ ला २३८. दोन कमी. कुठले दोन म्हणून तारखा उतरवल्या. खाडे बरेच होते, काम न मिळालेलेही होते. पण मामानं कागद हातात घेतला आणि दोन तारखांवर बोट ठेवलं. १४ एप्रिल. ६ डिसेंबर.

"दादरला गेलतो," म्हणाला. "रजा दिली नाही, तरी गेलतो."

मी म्हटलं, मामा, हे वर्ष अर्जाला जोडू नको, उगाच त्यांच्या हातात कोलीत. मामा ऐकेना. मामी त्याच्या बाजूनं. दोन दिवस घरात ह्यावरच भांडण. शेवटी सातही वर्षांचं मस्टर छापून कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडं दिलं, १९९८ सकट. पुढची तारीख लागलीय. टेपा माझ्याकडं आहेत, कापूस उडणार नाही अशा डब्यात.