वाडीची पिकअप

जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे पिकअप कुणा एकाची नसते. कागदावर नाव दादाचं, पण हिरड्याची पोती तिच्यातून जातात, टोमॅटोचे क्रेट नारायणगावला तिच्यातूनच जातात. रात्री कुणा बाईला कळा सुरू झाल्या की तिला केबिनमध्ये बसवतात आणि बाकीचे हौद्यात उभे राहतात. म्हणून जुनी गाडी काढून दुसरी घ्यायचं ठरलं, तेव्हा मत द्यायला अर्धी वाडी ओट्यावर होती. मी पुण्यात नोकरी करते. निम्मा हप्ता माझ्या पगारातून जाणार, म्हणून मीही होते.

धाकट्या चुलतभावाने मोबाइलवर टोयोटा हायलक्स दाखवली. नदीतून जाते, दगडांवरून चढते, जगभर नाव आहे. पण २०२२मध्ये ती भारतात आली तेव्हाच शोरूमची किंमत ३३.९९ लाखांपासून सुरू होत होती. शिवाय पाच माणसांच्या केबिनमुळे हौदा आखूड. क्रेट कुठे ठेवायचे?

मग प्रश्न आला फोर बाय फोरचा. साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. हौद्यात माल असला की ती चाकं जमीन धरून राहतात. रिकामी गाडी चिखलाच्या चढाला लागली की जागेवर फिरतात. पावसाळ्यात रिकाम्या हौद्यात वाळूची दोन पोती टाकतात, ती त्यासाठीच. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढतात. पण भरलेली गाडी ओल्या उतारावर थांबवायचं काम शेवटी टायर आणि ब्रेकच करतात.

ओतूरच्या मेस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाडी बंद कुठं पडणार, ते सांगा आधी.” त्याचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक गाडी कधी ना कधी बंद पडते. तिचा पाटा, क्लचप्लेट, बेअरिंग तालुक्यात मिळतं का, आणि ते बसवणारा माणूस दुचाकीवरून वाडीपर्यंत येऊ शकतो का, एवढंच पाहायचं. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांबद्दलही तो बोलला. त्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर तापून पळावी लागते. आमचा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरचा.

शेवटी २०१९ची, एकाच मालकाने वापरलेली बोलेरो पिकअप ठरली. मेस्त्री आधी खाली झोपून चासी बघत राहिला. वेल्डिंगचा जोड दिसला असता, तर गाडीने झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं वाहिलंय असं समजायचं. जोड नव्हता. वाचलेल्या पैशांतून चार नवे टायर आणि बॅटरी घेतली.

आईने मात्र गाडीकडे न बघता विचारलं, “फरशीवरून पाणी चाललं की ही जाईल का?” नाही जाणार. दोन फूट वाहतं पाणी पिकअपलाही उचलून नेतं, चाकं दोन ओढोत नाहीतर चार. म्हणून दादाने आधीच सांगून ठेवलंय: दिवस भरत आलेली बाई जून संपायच्या आत ओढ्यापलीकडे, पाहुण्यांकडे पोचवायची. फेरीचे पैसे नाहीत. पुलासाठी ग्रामसभेत अर्ज दिलाय. त्याचा हप्ता कुणी भरायचा, हे अजून ठरलेलं नाही.